डोंगर राहिला म्हणून वाघ राहिला

केनिया-टांझानियाची सहल आता मराठी मध्यमवर्गाला अप्रूपाची राहिलेली नाही. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत सेरेंगेटीचे सिंह आणि किलिमांजारोचा बर्फाळ माथा एकाच पानावर दिसतात. जाणाऱ्यांना विचारलं तर कारणंही तीच दोन सांगितली जातात : वन्यजीव आणि पर्वत. दोन्ही कारणं खरी आहेत आणि ज्याला जमेल त्याने जरूर जावं. पण हीच दोन कारणं घेऊन यवतमाळ जिल्ह्यात या, असं मी म्हटलं तर बहुतेकांना ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात, फार तर अवनी वाघीण आठवते. सुट्टी काढून मुद्दाम जावं असा हा जिल्हा आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यामागे जिल्ह्याच्या अभिमानापेक्षा ठोस असं कारण आहे. इथे डोंगर पाहायला एकीकडे आणि प्राणी पाहायला दुसरीकडे जावं लागत नाही. इथले डोंगर राहिले म्हणूनच इथला वाघ राहिला. हे नातं यवतमाळात दोन-तीन दिवसांच्या प्रवासात, पायाखालची माती बघत समजून घेता येतं. ते एकदा समजलं की आफ्रिकाही जास्त चांगली कळते.

आधी आफ्रिकेचंच घेऊ. टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे १३,५८२ चौरस किलोमीटरचा आपला अख्खा यवतमाळ जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. तिथे तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट पावसामागे वर्षभर फिरत असतात. ही गर्दी तिथेच का, याचं उत्तर जमिनीत आहे. दक्षिण सेरेंगेटीच्या मैदानांवर एन्गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख पडत आली. त्या राखेतून खनिजांनी समृद्ध असं आखूड गवत उगवतं, आणि राखेखाली तयार झालेल्या कठीण थरामुळे झाडांना मुळं खोल नेता येत नाहीत. झाड नाही म्हणून मैदान मोकळं, गवत सकस म्हणून विल्डबीस्टच्या माद्या वासरं द्यायला नेमक्या तिथे येतात, आणि वासरं आली की मागोमाग सिंह, तरस, चित्ते येतात. पर्यटक पाहतो तो सिंह, पण त्या सिंहामागे गवत असतं, गवतामागे राख आणि राखेमागे डोंगर. किलिमांजारो त्या मैदानांपासून बराच दूर असला तरी तोही त्याच ज्वालामुखी पट्ट्यातला पर्वत आहे. आफ्रिकेतही पर्वत आणि प्राणी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. मधली अंतरं मात्र इतकी मोठी आहेत की आठवड्याभराच्या सहलीत ती गोष्ट सलग वाचता येत नाही.

यवतमाळचा पायाही ज्वालामुखीचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, आणि जिल्ह्याचा बराचसा भाग त्याच काळ्या बेसाल्टवर उभा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचं पूर्वेकडचं टोक पुसद-दारव्ह्याकडून यवतमाळपर्यंत येतं. यवतमाळ शहर साधारण साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे वर्ध्याकडून येताना आपण चढावर आहोत हे गाडीच्या आवाजावरून कळतं. या डोंगरांचे माथे सपाट आणि कडा पायऱ्यांच्या दिसतात, कारण प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. हा दगड झिजून जी माती झाली ती पावसाने खाली वाहून नेली. सखल भागात काळी, चिकण, ओल धरणारी कापसाची जमीन साठली. वर उतारावर उरला तो मुरूम आणि पातळ बरड माती. कुठल्याही नाल्याच्या कापलेल्या काठाशी उभं राहून पाहावं. खाली, सपाटीच्या बाजूला काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. शंभर पावलं वर गेलं की तीच माती वीतभरही उरत नाही, खाली पिवळसर मुरूम लागतो, आणि त्या मुरमात सागाची मुळं दगडाच्या फटी शोधत शिरलेली असतात. सागाला पाणी साचलेलं चालत नाही, निचरा होणारा उतार मानवतो. कापसाला ओल धरणारी काळी माती मानवते. कुठे शेत असावं आणि कुठे रान, याचा निकाल या जिल्ह्यात आधी जमिनीनेच देऊन ठेवला होता.

माणसाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. १८५३ मध्ये यवतमाळसह वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्यानंतरच्या दशकांत नांगराखाली येण्याजोगी काळी जमीन कापसाखाली येत गेली. गवताळ माळ गेले आणि त्यांच्यावर जगणारे कळप आक्रसले. डोंगर मात्र नांगराला दाद देणारा नव्हता. त्यावरचा साग सरकारला हवा होता, म्हणून तो राखीव झाला. वाघाची काळजी त्यात कुणाच्या मनात नव्हती. पण सागाच्या राखणीत वाघाला आडोसा मिळाला. सेरेंगेटीत ज्वालामुखीच्या मातीवर गवत राहिलं आणि गवतावर प्राणी राहिले. वऱ्हाडात ज्वालामुखीच्या मातीवर कापूस आला आणि प्राणी वर सरकले. एकाच कारणाचे दोन वेगवेगळे परिणाम, आणि त्यातला दुसरा आपल्या घराजवळ आहे. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांच्या सीमेवरचं टिपेश्वर अभयारण्य हा त्या वर सरकलेल्या रानाचा आजचा सर्वांत चांगला तुकडा आहे. टिपाई देवीच्या नावाचं हे रान सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं आहे. सेरेंगेटीच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढं.

इथे आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे : शंभराव्या हिश्शात काय पाहायचं? उत्तर देताना मी प्राण्यांची यादी पुढे करणार नाही, जरी ती छोटी नाही. वाघ, बिबट, अस्वल, तरस, कोल्हा, सांबर, चितळ, रोही, चौसिंगा हे सगळे या रानात आहेत. पण यादीच हवी असेल तर आफ्रिकाच जिंकेल. टिपेश्वरचं मोल त्याच्या लहानपणातून आलेल्या एका घटनेत आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी इथल्या एका तरुण नर वाघाला रेडिओ कॉलर लावली. रान अपुरं, वयाने मोठे नर आधीच हद्दी धरून बसलेले, म्हणून त्या वर्षीच्या जूनमध्ये तो बाहेर पडला. तेलंगणाच्या आदिलाबादकडून नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे ओलांडत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी ये-जा धरून त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. वाटेत शेतं होती, रस्ते होते, गावं होती, आणि एवढ्या चालीत त्याने एकाही माणसाचा जीव घेतला नाही. पुढे २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर तोही टिपेश्वरचाच निघाला. यवतमाळचा वाघ मराठवाडा ओलांडून चारशेहून अधिक किलोमीटर दूर गेला होता.

या दोन्ही प्रवासांच्या शेवटाकडे नीट पाहिलं तर माझा मुद्दा तिथेच सापडतो. ज्ञानगंगा अजिंठ्याच्या रांगेत आहे, येडशी बालाघाटाच्या. दोन्ही वाघांनी कित्येक जिल्ह्यांची शेती तुडवली, पण पाय टेकायला जागा निवडली ती डोंगरातच. त्यांना नकाशा कुणी दिला नव्हता. जिथे नांगर पोचला नाही तिथे आडोसा आहे, आडोशात भक्ष्य आहे आणि उन्हाळ्यापर्यंत टिकणारा एखादा पाणवठा आहे, एवढं ज्ञान त्यांना पुरलं. मधल्या पट्ट्यातून त्यांना पार नेलं ते नाल्यांच्या काठच्या झाडीने, पडीक जमिनीने आणि ‘झुडपी जंगल’ म्हणून सरकारदरबारी नोंदलेल्या, दिसायला ओसाड अशा तुकड्यांनी. पर्यटकाला ज्या जमिनीकडे पाहावंसंही वाटत नाही, ती या वाघांच्या दृष्टीने रस्ता होती. म्हणून टिपेश्वरला येणाऱ्याने प्रवेशद्वाराच्या आत जेवढं पाहायचं तेवढंच बाहेरही पाहावं, असा माझा आग्रह आहे. सुन्ना किंवा माथनीच्या फाटकाकडे जाताना दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर उभी असते, तिच्या पल्याड सागाची रांग सुरू होते, आणि दोहोंच्या मध्ये कुंपणाचीही गरज भासू नये इतकी जमीन बदललेली असते. या जिल्ह्याची सगळी गोष्ट त्या धुऱ्यावर लिहिलेली आहे.

दुसरा आक्षेप डोंगरांचा. ५,८९५ मीटरच्या किलिमांजारोसमोर पाच-सहाशे मीटरच्या टेकड्यांना पर्वत म्हणायचं का? उंचीच्या हिशेबाने नाहीच म्हणता येणार, आणि उंचीचा थरार हवा असेल त्याने यवतमाळला येऊ नये. पण उंची हे पर्वताचं एकच माप आहे, वय हे दुसरं. किलिमांजारो भूशास्त्राच्या काळात अगदी तरुण आहे. यवतमाळच्या टेकड्या म्हणजे कोट्यवधी वर्षं पावसाने कोरून उरलेलं पठार आहे. आणि वणीकडे गेलं की बेसाल्टची चादर संपते आणि तिच्या खालचे, तिच्यापेक्षा कितीतरी जुने खडक उघडे पडतात. राजूरच्या बाजूचा चुनखडक कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांच्या हिशेबातला आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवनी खडकांतला. या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, आणि तेच ठसे दक्षिण आफ्रिकेतल्या त्याच काळातल्या खडकांतही मिळतात. हे खडक साठत होते तेव्हा भारत आणि आफ्रिका एकाच भूखंडाचे भाग होते, आणि त्या भूखंडाला जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी आपल्या गोंडांच्या मुलखाचं नाव दिलं. म्हणजे वणीच्या कोळशाच्या ट्रकमागून जाणारा माणूस आफ्रिकेच्या शेजारधर्माचा पुरावा पाहत असतो. एका दिवसाच्या अंतरात चुनखडक, कोळसा आणि लाव्हा असे पृथ्वीच्या इतिहासाचे तीन काळ दाखवणारा प्रदेश डोंगरांच्या उंचीवरून निकालात काढणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा आणि हमीचा. केनियाच्या मसाई मारात गवत मोकळं आहे, प्राणी दुरून दिसतात, राहण्याची व्यवस्था उत्तम असते. इथे सागाच्या दाटीत वाघ वीस पावलांवर असून दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. हे सगळं खरं आहे. त्यावर माझं म्हणणं एवढंच की न दिसणं हा या रानाचा दोष मानू नये, ती त्याची रीत आहे. आफ्रिकेत डोळे पुरतात, इथे कान वापरावे लागतात. चितळाची शीळ, वानराचं खाकरणं, सांबराचा एकदम उठलेला हुंकार यांवरून वाटाड्या वाघाची दिशा सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या सागाच्या पानावर पाय पडला की एवढा आवाज होतो की तिथे वाघसुद्धा शक्यतो गाडीवाटेच्या धुळीतून चालतो, आणि म्हणून त्याचा माग सापडतो. पावसाळा सरताना आलात तर सागाची पानं जवळून पाहावीत. एका पतंगाच्या अळ्या पानाचा सगळा हिरवा गर खाऊन टाकतात आणि फक्त शिरांची जाळी उरते. ती जाळी उन्हात धरली की पानातलं पाणी कुठून कुठे फिरत होतं ते रेघ न् रेघ दिसतं. वाघ दिसला नाही म्हणून दिवस वाया गेला असं म्हणणाऱ्याने असं एक पान तरी हातात घ्यावं.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो मी बाहेरच्या माणसाच्या नव्हे, इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी घालतो : आम्ही ज्याच्या भीतीत जगतो ते तुम्ही मजेने पाहायला येता का? २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-केळापूर भागात तेरा माणसांचे बळी गेले. त्यांचा ठपका अवनी वाघिणीवर आला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिच्या मारण्यावर देशभर वाद झाला, पण मेलेल्या माणसांची नावं त्या वादात फारशी कुणी घेतली नाहीत. ही वाघीण अभयारण्याच्या आतली नव्हती, झुडपी जंगल आणि वावरं यांच्या सरमिसळीत वावरत होती. हीच सरमिसळ तीन परिच्छेद आधी मी वाघांचा रस्ता म्हणून गौरवली, हे मला लपवायचं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनच्या रानात एका गुहेच्या तोंडाशी आग लावून गाभण वाघीण मारली गेली. रोजचं नुकसान याहून शांतपणे चालतं. रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभं पीक आडवं करतात, म्हणून माणसं वावरात मचाण बांधून, डबे वाजवत, हिवाळ्याच्या थंडीत जागल करतात. सकाळी त्याच माणसांना कापूस वेचायचा असतो. काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात, आणि त्या तारेला डुक्कर लागतं, वाघ लागतो, कधी माणूसही लागतो. डोंगराने वाघ राखला त्याची किंमत डोंगराच्या पायथ्याचा माणूस भरतो. शहरात बसून वाघ वाचवा म्हणणाऱ्याच्या खिशातून यातला रुपयाही जात नाही.

म्हणूनच यावं, असं मी म्हणतो. या प्रश्नात आफ्रिकेचा अनुभव उपयोगी आहे, तिथली चूकही आणि दुरुस्तीही. सेरेंगेटी उद्यान रिकामं करताना १९५९ मध्ये मासाई पशुपालकांना एन्गोरोंगोरोच्या बाजूला हलवलं गेलं, आणि त्यांच्या हक्कांचा वाद आजही मिटलेला नाही. माणसं काढली की रान सुरक्षित, हे समीकरण तिथे सुटलं नाही, इथेही सुटणार नाही. याउलट केनियात मसाई मारालगतच्या मासाई जमीनमालकांनी आपली जमीन वन्यजीवांसाठी भाड्याने दिली आहे, आणि पर्यटनातून त्यांना ठरावीक भाडं मिळतं. त्या व्यवस्थेतही वाद आहेत. पण सिंह आपल्या जमिनीवर असणं हे तिथल्या कुटुंबाच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला येऊ शकतं, एवढं तिने दाखवून दिलं. टिपेश्वरलगतच्या शेतकऱ्याच्या जमाखर्चात वाघ आज जवळजवळ सगळा खर्चाच्याच बाजूला आहे. पर्यटक आले, गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळालं, घरात मुक्काम झाला, जेवण झालं, तर तो हिशेब थोडा तरी बदलेल. सगळा पैसा महामार्गावरच्या हॉटेलात राहिला तर बदलणार नाही. त्यामुळे कुठे राहायचं, कुणाकडे जेवायचं, गाडी कुणाची घ्यायची हे या जिल्ह्यात नैतिक निर्णय आहेत आणि ते प्रवाशाच्याच हातात आहेत.

येण्याची सोय अवघड नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग टिपेश्वरजवळच्या पांढरकवड्यावरून जातो. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ऊन सोसवतं. पण दोन सफारी करून परत फिरू नये. एक दिवस उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्यासाठी ठेवावा. टिपेश्वरइतका त्याचा गाजावाजा नाही. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात बुलढाण्याकडे उगम पावते, यवतमाळची दक्षिण सीमा आखत वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळते. तिच्या वाटेवर सहस्रकुंडाला काळ्याशार बेसाल्टच्या पायरीवरून नदी खाली कोसळते आणि जिल्ह्याच्या डोंगरांचा घाट पाण्यानेच समजावून सांगते. किनवटच्या बाजूला उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. डोंगराच्या कडेने कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. महाराष्ट्रात ज्या तीन आदिवासी जमातींना विशेष असुरक्षित मानलं जातं त्यांतली कोलाम ही एक, आणि तिची मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. पोडात पाहुण्यासारखं जावं, विचारून जावं, कॅमेरा पिशवीत ठेवून जावं. वाघाबरोबर राहायचं कसं, हे अभ्यासकांच्या आधी या लोकांना माहीत होतं.

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते विमानाने कुनोत आणले गेले, कारण आपले आपण संपवले होते. मोकळ्या माळावरचा प्राणी माळ गेल्यावर गेला, आणि त्याला परत आणायला सरकारी यंत्रणा, परदेशी करार आणि विमान लागलं. यवतमाळचा वाघ अजून स्वतःच्या पायांनी जिल्हे ओलांडतो आहे. डोंगर त्याला पुढेही जागा देतील, ते त्यांनी आजवर केलंच आहे. प्रश्न पायथ्याच्या वावरांचा आहे, आणि तिथल्या माणसाने वाघाला किती काळ सोसावं याचा. तो निर्णय त्याने एकट्याने, स्वतःच्या खर्चाने घ्यावा अशी अपेक्षा आपल्याला करता येणार नाही. सेरेंगेटीला जायला लाखो रुपये खर्च करण्याची ऐपत असलेल्या मराठी माणसाने त्यातला छोटा हिस्सा आधी केळापूर, घाटंजी आणि उमरखेडच्या गावांत खर्च करावा, अशी माझी विनंती आहे. आफ्रिकेचं तिकीट त्यानंतर काढावं. ज्वालामुखीच्या मातीने एका देशात सिंहाला मैदान दिलं आणि दुसऱ्यात वाघाला डोंगरावर चढवलं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला दोन्ही देश अधिक कळतील. आणि त्यातला एक राखणं आपल्या हातात आहे, हेही कळेल.